पोकळ पोलादी नळ्यांचे वजन

चौकोनी, आयताकृती किंवा गोल पोलादी नळीचे बाहेरचे माप आणि जाडी यांवरून तिचे दर मीटर वजन काढण्याची पद्धत. शेड, ट्रस (छताचा त्रिकोणी सांगाडा), जिने, कठडे यांत या नळ्या वापरतात. नकाशात त्या मीटरने मोजल्या जातात, बाजारात मात्र किलोने मिळतात. म्हणून अंदाजपत्रक करणाऱ्याला हा हिशेब यायलाच हवा.

पोलादाची घनता दर घनमीटर ७,८५० किलो धरतात. म्हणजे १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. नळी म्हणजे वळवलेला पत्राच. ती मनात उलगडली की पट्टीची रुंदी मिळते, आणि ती बाहेरच्या घेराइतकी नसून भिंतीच्या मध्यावरच्या घेराइतकी असते. चौकोनी नळीत हा घेर ४ × (बाजू − जाडी). त्याला जाडीने आणि ०.००७८५ ने गुणले की दर मीटर किलो मिळतात. गोल नळीसाठी (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६. सगळी मापे मिमीत.

५० × ५० × ३ मिमीची नळी घ्या. ४ × ४७ × ३ × ०.००७८५ = ४.४३ किलो. नळ्यांच्या वजनांच्या छापील तक्त्यात मात्र ४.२५ सापडेल, कारण नळीचे कोपरे गोलसर असतात आणि तेवढे पोलाद तिथे नसतेच. त्यामुळे बिलासाठी तक्ताच प्रमाण मानावा. भारतात चौकोनी व आयताकृती नळ्यांसाठी आयएस ४९२३ आणि गोल नळ्यांसाठी आयएस ११६१ ही मानके आहेत.

गोल नळीत खरी फसगत नावामुळे होते. ‘दीड इंची’ पाइपचा बाहेरचा व्यास ३८ नव्हे, ४० नव्हे, ४८.३ मिमी असतो. ३.२ मिमी जाडीला त्याचे वजन ३.५६ किलो येते. व्यास ४० धरला तर २.९०, म्हणजे मीटरमागे ०.६६ किलोची चूक.

जाडी तर डोळ्यांना दिसतच नाही. रंग लावलेली २ मिमीची आणि ३ मिमीची नळी शेजारी ठेवली, तर बाहेरून फरक कळत नाही. जाडी कापलेल्या टोकाला, कडेची कूस (कापताना उरलेली खरखरीत धार) घासून आणि आतल्या वेल्डच्या शिवणीपासून दूर, व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या सरकत्या मापकाने) मोजावी. टोक बंद असेल तर वजनकाटा आहेच: ५० × ५० ची ६ मीटर नळी २५.५ किलो भरली तर ती ३ मिमीची, १७.६ भरली तर २ मिमीची.