प्रतिजैविकरोधी जिवाणूंची रुग्णालयीन टेहळणी

रुग्णांच्या रक्त, लघवी, पू किंवा थुंकीतून वाढवलेले जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, याची देशभरातल्या रुग्णालयांतून एकाच पद्धतीने ठेवली जाणारी नोंद. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे २०१३ पासून उभे राहिले. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे जाळे वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ग्लास’ ही नोंदव्यवस्था २०१५ ची.

नोंदीचा पाया म्हणजे ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’, अर्थात नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर औषधे तपासणे. म्युलर-हिंटन अगार या जेलीसारख्या पोषक माध्यमाच्या थाळीवर जिवाणू पसरवून औषधाच्या चकत्या ठेवतात. थाळी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवली की चकतीभोवती वाढ नसलेले वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून निकाल देतात. कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकाला ही रीत चालत नाही. त्याचा रेणू मोठा असल्याने अगारात नीट पसरत नाही, म्हणून द्रवमाध्यमात चाचणी करावी लागते.

एका रुग्णाचा, एका जातीचा पहिलाच जिवाणू मोजायचा, हा नियम महत्त्वाचा. आयसीयूत महिनाभर असलेल्या रुग्णाचे दहा नमुने दहा वेळा धरले, तर रोधाचे प्रमाण उगाच फुगते.

तरीही मोठा दोष उरतो तो नमुना कुणाचा आणि कधीचा, यात. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडचा रुग्ण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत बऱ्याचदा गावाकडे गोळ्या, इंजेक्शने घेऊन आलेला असतो. औषधाला बळी पडणारे जिवाणू तोवर मेलेले असतात. थाळी कोरी राहते, नाहीतर चिवट तेवढेच उगवतात. गावातच बऱ्या झालेल्यांचा तर नमुनाच घेतला जात नाही. मोठ्या रुग्णालयांचे आकडे म्हणूनच अख्ख्या जिल्ह्याचे चित्र मानता येत नाहीत. पहिल्या डोसआधी कल्चर पाठवण्याची सवय डॉक्टरांना शिकतानाच लागायला हवी. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालये संलग्न असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, ही इथली मोठी जमेची बाजू.

उपचार करणाऱ्याला देशाच्या सरासरीपेक्षा आपल्या रुग्णालयाचा वार्षिक अँटिबायोग्राम, म्हणजे कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतो याचा तक्ता, अधिक कामाचा. त्यात एका जातीचे किमान ३० रुग्णांतले जिवाणू असावेत, असा संकेत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात वर्षभरात तेवढे जमत नाहीत. तिथे दोन-तीन वर्षांचे किंवा शेजारच्या रुग्णालयांचे निकाल एकत्र धरतात.