समच्छेद: वेरूळच्या काळापासून विहिरीच्या हिश्श्यापर्यंत

मराठवाड्यात सामाईक विहिरीची वाटणी आजही आण्यांत सांगतात. "विहिरीत माझा चार आणे हिस्सा हाय," म्हणजे पाव. समजा, एकाकडं 1/3 हिस्सा आहे आणि त्यानं भावकीतल्याचा 1/4 विकत घेतला. आता त्याचे किती? पोरं हमखास वरचे दोन अंक मिळवतात, खालचे दोन मिळवतात आणि 2/7 लिहितात. पण 2/7 हे 1/3 पेक्षाही कमी! पैसे मोजून हिस्सा घटला कसा, एवढं विचारलं की पोरं स्वतःच खोडरबर शोधतात.

छेद सारखे केल्याशिवाय बेरीज नाही, हे आपल्याकडं फार जुनं आहे. इ. स. 499 च्या सुमारास आर्यभटानं दोन्ही अपूर्णांकांना एकमेकांच्या छेदानं गुणायला सांगितलं आणि त्याला 'सवर्णत्व' म्हटलं. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं कोरवलं, तेच हे घराणं. छेदांचा गुणाकार करत बसण्यापेक्षा त्यांचा लसावि घ्या, ही सोय या ग्रंथात आहे. लसाविला त्यांचा शब्द 'निरुद्ध'.

'समच्छेद' हा आपल्या फळ्यावरचा शब्द भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) जसाच्या तसा आहे. छेदांना सामाईक अवयवानं आधी भागून घ्या, असंही ते सुचवतात. 1/6 आणि 1/8 असतील, तर 48 पर्यंत जायचं कारण नाही, 24 वर काम भागतं. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटण लागतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ निघाला, त्याचा 1207 चा शिलालेख आहे. मठाला दिलेल्या देणग्यांत ग्राहकाकडून 'दामाचा विसोवा', म्हणजे विसावा भाग, असं मराठीत कोरलंय. अपूर्णांक शिकवणारा मठ अपूर्णांकावरच चालायचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाजारानं मात्र सूत्र पाठ केलं नाही, नाण्यातच समच्छेद करून ठेवला. कलदार रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, एकूण 192. अर्धा म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार. तिसरा हिस्सा 16 मध्ये बसत नाही. त्यासाठी पै कामी येते: 5 आणे 4 पै. त्यात पाव मिळवा, 9 आणे 4 पै. फळ्यावर तेच 4/12 + 3/12, म्हणजे 7/12. (सातबारा हे नाव नमुना 7 आणि 12 यांवरून आलंय, या बेरजेशी त्याचा संबंध नाही, पण पोरांच्या हे उत्तर कायमचं ध्यानात राहतं.)

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले. हिशेब सोपा झाला, पण 100 ला तीननं भाग जात नाही. विहिरीतल्या तिसऱ्या हिश्श्याला तेव्हापासून पुरतं नाणं उरलं नाही.