पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाराच लिहितो

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने पॅनची व्यवस्था नव्याने उभारणाऱ्या पॅन २.० प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यानंतर ‘तुमचं ई-पॅन इथून डाउनलोड करा’ असे मेल लोकांना येऊ लागले आणि ते खोटे असल्याचं पीआयबी या केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाला जाहीर करावं लागलं. भामटे बातम्या नीट वाचतात. विवरणपत्र भरून झालं की प्राप्तिकराच्या परताव्याचा मेल, खात्याची केवायसी राहिली असेल तर केवायसीचा मेल. आपण ज्याची वाट पाहत असतो, तेच ते पाठवतात.

अशा मेलला फसलेल्या माणसाला घरचे पहिला प्रश्न विचारतात, “तुला कळलं कसं नाही?” त्याचं उत्तरही बहुतेकदा एकच असतं, “अहो, मेल तर बँकेच्याच पत्त्यावरून आला होता.” तो खोटं बोलत नसतो. त्याला पत्ता खरोखरच तसा दिसलेला असू शकतो. ईमेलची मूळ रचनाच अशी आहे, आणि ही रचना एकदा समजून घेतली की पुढच्या सगळ्या सूचनांना अर्थ येतो.

एका सर्व्हरवरून, म्हणजे मेलची ने-आण करणाऱ्या संगणकावरून, दुसऱ्या सर्व्हरवर मेल पोचवण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ मध्ये लिहून काढले. तेव्हा संगणकांचं हे जाळं विद्यापीठं, संशोधन संस्था आणि अमेरिकी लष्कर यांच्यापुरतंच होतं. खोटं नाव सांगून कोणी मेल पाठवील, अशी शंका घेण्याचं कारणच नव्हतं. आजही सर्व्हर त्याच नियमांनी बोलतात. पहिला सर्व्हर आपली ओळख सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून कोणाला पोचवायचं ते सांगतो. समोरचा प्रत्येक वेळी २५० हा आकडा पाठवतो, म्हणजे ‘ठीक’. पहिला ‘डेटा’ म्हणतो, दुसरा ३५४ म्हणजे ‘पाठव’ असं कळवतो आणि मजकूर वाहू लागतो. एका ओळीत नुसतं टिंब आलं की मेल संपला.

खरी गोम ‘डेटा’नंतरच्या मजकुरात आहे. मेल उघडल्यावर आपल्याला दिसणारी ‘फ्रॉम’ची ओळ या मजकुराचाच भाग असते आणि ती पाठवणाऱ्यानेच लिहिलेली असते. आधीच्या संवादात सांगितलेला ‘मेल फ्रॉम’ पत्ता वेगळा. टपालाच्या पाकिटावर एक पत्ता असावा आणि आतल्या पत्राच्या माथ्यावर दुसरा, तसं हे आहे. टपाल खातं पाकीट पाहतं, पण आपलं मेल ॲप पाकीट बाजूला ठेवून आतलं पत्रच आपल्या हातात देतं. हे दोन पत्ते जुळायलाच हवेत, असं मूळ नियमांत कुठेही म्हटलेलं नाही.

ही फट बुजवायला तीन उपाय आले. पहिला एसपीएफ. मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव म्हणजे डोमेन. डोमेनचा मालक डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करतो की, माझ्या नावाने मेल पाठवायचा अधिकार अमुक आयपी पत्त्यांच्या, म्हणजे अमुक क्रमांकांच्या, सर्व्हरनाच आहे. मेल घेणारा सर्व्हर ती नोंद ताडून पाहतो. पण एसपीएफ तपासतं ते पाकीट, आतली ‘फ्रॉम’ची ओळ नव्हे.

दुसरा उपाय डीकेआयएम, आणि तो मला फार देखणा वाटतो. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि ‘फ्रॉम’सारख्या निवडक ओळी एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेतून काढतो. आत एक ओळ घाला नाहीतर शंभर पानं, बाहेर येतो तो २५६ बिटांचाच, म्हणजे २५६ शून्य-एकांचाच आकडा. त्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम काढला तरी त्या २५६ पैकी साधारण निम्मे बिट उलटतात. सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने या हॅशवर सही तयार करतो आणि ती मेलसोबत पाठवतो. गुप्त किल्लीची जोडीदार असलेली जाहीर किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेली असते. मेल घेणारा सर्व्हर आलेल्या मजकुराचा हॅश स्वतः काढतो आणि जाहीर किल्ली वापरून सही त्याच्याशी जुळते का, हे बघतो. सही जुळली, तर ती त्या डोमेनच्या गुप्त किल्लीनेच झालेली आहे आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. एकमेकांना कधी न भेटलेली दोन यंत्रं निव्वळ संख्यांच्या गुणधर्मांवर एवढी खात्री करून घेतात!

तरीही एक पळवाट उरते. भामटा स्वतःच्या डोमेनची सही करून ‘फ्रॉम’मध्ये बँकेचं नाव घालू शकतो. ती पळवाट बंद करतं डीमार्क. ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये पास झालेलं डोमेन एकच आहे का, हे ते विचारतं. नसेल तर काय करायचं, हे डोमेनचा मालक ठरवतो: काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही बंधनकारक केलं. मात्र ‘काहीच करू नका’ एवढं लिहूनही ही अट पूर्ण होते. जीमेलमध्ये संगणकावर मेलच्या तीन टिंबांखाली ‘शो ओरिजिनल’ असतं. ते उघडलं की तिन्हींचे निकाल दिसतात. एकदा जरूर उघडून पाहा.

पण तिन्ही ठिकाणी ‘पास’ दिसलं म्हणजे मेल सज्जनाचा आहे, असं समजू नका. अमुकतमुक डॉट कॉम हे डोमेन भामट्याने रीतसर विकत घेतलं असेल, तर त्याचीही सही अस्सल असते. त्यापुढे तो फक्त नावाच्या जागी ‘इन्कम टॅक्स विभाग’ लिहितो. फोनवर मेल पाहताना बहुतेक वेळा नावच दिसतं, पत्ता दिसायला त्यावर बोट ठेवावं लागतं.

म्हणून पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ या पत्त्याचा सरकारशी काहीही संबंध नाही, त्याचा मालक अमुकतमुक डॉट कॉमवाला. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे वाचत यायचं. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, ते यासाठीच. हा शेवट वाटेल त्याला विकत घेता येत नाही. ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबू नका. वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलं आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

फसणारे अडाणी असतात, हा समज तर साफ चुकीचा आहे. एव्हाल्डास रिमासाउस्कास या लिथुआनियाच्या माणसाने तैवानच्या क्वांटा कंपनीच्याच नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात बनावट बिलं मेलने पाठवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम उकळली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला न्यूयॉर्कमध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. या कंपन्यांत बिलं चुकती करणाऱ्यांनाही ती खरी वाटली होती.

दुसऱ्या टोकाला आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारी भीती आहे. ‘हा मेल नुसता उघडला तरी खातं रिकामं होतं, दहा जणांना कळवा.’ असे संदेश पुढे ढकलून कोणाचंही रक्षण होत नाही. जवळपास सगळ्या फसवणुकींत माणसाकडून काहीतरी करून घ्यावं लागतं: लिंक दाबणं, पासवर्ड टाकणं, ओटीपी देणं, जोडलेली फाइल उघडणं. नेमकं तिथेच थांबायचं असतं. बँकेचं ॲप स्वतः उघडा, प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. खरं काम असेल तर ते तिथेही दिसेल.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बनावट पानावर टाकलेला ओटीपी भामटा त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली गुप्त किल्ली म्हणजे पासकी. ती मिळत असेल तिथे घ्या. पासकी तयार होतानाच एका डोमेनशी बांधलेली असते. पान हुबेहूब असलं तरी डोमेन वेगळं असेल, तर ब्राउझर ती देतच नाही.

आणि पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक लावा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं की, ग्राहक स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी देऊन बसल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून घरच्यांनी ‘तुला कळलं कसं नाही’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. शरमेने तासभर गप्प बसलेल्या माणसाचे उरलेले पैसेही तेवढ्यात जाऊ शकतात.