पट्टीवरच्या वायरीचं वय

अमळनेरजवळच्या आमच्या धाब्याच्या घरात रंगकाम निघालं. ओट्यावरच्या पत्र्याखाली सागवानी पट्टीवरून जाणारी वायर ब्रशला अडते म्हणून रंगाऱ्याने जरा बाजूला सारली, तर वरचं काळं आवरण बिस्किटासारखं तुटून खाली पडलं. "हात नको लावजो भो!" असं ओरडत वायरमन काका मेन स्विच पाडायला धावले.

मग त्यांनी तुकडा माझ्या हातात ठेवला. आतली तार चंदेरी होती. मी म्हटलं, ॲल्युमिनियम. काकांनी चाकूने खरवडली, खालून तांबं निघालं. तांब्यावर चक्क कल्हई!

ही कल्हई म्हणजे रबरी वायरीची मोठी खूण. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक घालून तापवलं की रबर घट्ट आणि लवचिक होतं. पण हाच गंधक तांब्याला काळं पाडतो, आणि उलट तांब्यामुळे रबर लवकर कुजतं. म्हणून दोघांच्या मधे कथिलाचा पापुद्रा, पितळी पातेल्याला देतात तसाच. पीव्हीसी वायरीत गंधक नसतो, त्यामुळे तिथे सहसा कल्हई दिसत नाही.

रबर मरतं ते हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. माजघरात, मातीच्या धाब्याखाली, तीच वायर अजून वाकत होती. पण तिथेही बल्बच्या होल्डरपाशी मात्र ती भाजून कडक झालेली.

वय ओळखायला पट्टीही बोलते. दोन खाचांची लाकडी केसिंग, वर झाकण आणि आत सुती विणीच्या सुट्या वायरी असतील तर काम बरंच जुनं. पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांत धरलेली जोडवायर सहसा त्यानंतरची. जोडावर चिनीमातीचा पांढरा कनेक्टर आणि त्यात पितळी स्क्रू असतील तर बरं. आमच्याकडे निम्मे जोड नुसते पिळून काळी टेप मारलेले. काका अजून "तीन बावीस" म्हणतात: तीन तारा, २२ गेज जाडीच्या. दुकानदार आता एमएममध्ये बोलतो.

बोर्डावर चिनीमातीचे दोन फ्यूज होते, एक फेजला (वीज आणणाऱ्या तारेला), एक न्यूट्रलला (परतीच्या तारेला). मला ही दुहेरी सुरक्षा वाटली होती. आहे उलटंच. न्यूट्रलचा उडाला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत वीज जिवंत राहते. अंधारात बल्ब बदलणाऱ्याला हे कळणार कसं?

काकांनी वायरीला जोडलेली उपकरणं काढून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावला. वायर आणि अर्थिंगमध्ये किमान १ मेगओम (दहा लाख ओहम) रोध हवा. ओट्याच्या सर्किटला काटा शून्यावरून हललासुद्धा नाही. माजघराचा आकडा चांगला आला, तरी त्यांनी तिथली वायरही वापरू दिली नाही. नवी पीव्हीसी पाइपातून वेगळी नेली. जुनीची दोन्ही टोकं तोडून ती पट्टीवरच ठेवली, आणि रंगाऱ्याने तिच्यावरूनच ऑइलपेंटचा हात फिरवला.