पार्श्वभूमी : मुलांच्या नेत्रस्नायूंचा दाह

मुलाचा एक डोळा लाल होतो, पापणी सुजते. घरचे म्हणतात, डोळे आलेत. थेंब सुरू होतात. नीट पाहिलं तर बाजूला बघताना मूल डोळा फिरवतच नाही, अख्खी मान वळवतं. कारण डोळा फिरवला की दुखतं आणि एकाचे दोन दिसतात. प्रत्येक डोळा हलवणारे सहा स्नायू खोबणीत असतात; त्यांपैकी एखादा सुजला की असं होतं. याला ऑर्बिटल मायोसायटिस म्हणतात.

१९०३ साली ग्लीसन यांनी डोळ्याच्या स्नायूंच्या अशा अकारण दाहाची नोंद केली. दोनच वर्षांनी जर्मन नेत्रतज्ज्ञ बिर्श-हिर्शफेल्ड यांनी खोबणीतल्या अशा सुजेला ‘स्यूडोट्यूमर’, म्हणजे खोटी गाठ, म्हटलं. या नावामागे फार वेदना आहे. पुढे आलेला डोळा पाहून कर्करोगाच्या भीतीने शस्त्रक्रिया व्हायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडायच्या नुसत्या दाहाच्या पेशी.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड वापरलं गेलं आणि दाह उतरवणारं औषध हाती आलं. मायोसायटिसचं दुखणं स्टेरॉइडने बहुधा दोन-तीन दिवसांत कमी होतं. मात्र काही कर्करोगांची सूजही स्टेरॉइडने तात्पुरती उतरते, त्यामुळे नुसत्या गुणावर विसंबणं धोक्याचं.

खरा फरक पडला तो १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं, त्यानंतर. न कापता स्नायू दिसू लागला. थायरॉइडच्या आजारात स्नायूचा मधला भाग फुगतो, टोकाचा कंडरा, म्हणजे स्नायूला जोडणारा दोरीसारखा भाग, बहुधा तसाच राहतो. मायोसायटिसमध्ये कंडराही सुजलेला असतो. १९७८ मध्ये मॉटो आणि जाकोबिएक यांनी मुलांमधल्या या दाहावर स्वतंत्र निबंध लिहिला. मुलांत दोन्ही डोळे सुजणं, ताप, डोकेदुखी, उलट्या हे मोठ्यांपेक्षा अधिक आढळतं. सायनसमधून पसरलेला जंतुसंसर्ग आणि रॅब्डोमायोसार्कोमा हा कर्करोग नाही ना, हे मुलांत आधी पाहावंच लागतं.

आपल्याकडे आणखी एक शक्यता तपासल्याशिवाय ‘अकारण’ म्हणूच नये, असं मला ठामपणे वाटतं. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीची (टेपवर्म) अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि अळी डोळ्याच्या स्नायूत घर करते. मांस न खाणाऱ्या घरातल्या मुलालाही हे होतं. सोनोग्राफीत स्नायूमध्ये काळी गोल पोकळी दिसते आणि आत एक पांढरा ठिपका : अळीचं डोकं. तिथे अल्बेंडॅझोल हे जंतनाशक देतात, पण स्टेरॉइडच्या जोडीने. अळी मरताना सूज आणखी भडकते म्हणून.