पार्श्वभूमी : रिफॉर्म सिनेगॉगचा बालवर्ग आणि १९८३चा ठराव

ज्यू धर्मातल्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाच्या अमेरिकेतल्या बऱ्याच सिनेगॉगांच्या (प्रार्थनास्थळांच्या) धार्मिक शाळेत मुलाचं नाव घालायला गेलं की अर्जात एक प्रश्न भेटतो : हे मूल आणखी कुठल्या धर्माचं रीतसर शिक्षण घेतंय का? मिशनच्या शाळेत बायबलच्या तासाला बसून संध्याकाळी घरी शुभंकरोति म्हणणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न जरा कडकच वाटेल. तो आला १९९५च्या एका ठरावातून, आणि त्या ठरावाच्या मागे १९८३चा दुसरा ठराव उभा आहे, मूल ज्यू कधी मानायचं याबद्दलचा. तिथवर पोचायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना धर्म शिकवणं हा रिफॉर्म ज्यूंच्या जिव्हाळ्याचा विषय सुरुवातीला नव्हताच. जुन्या परंपरेत लहान मुलाला मान होता. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावोगाव शिक्षक नेमल्याचं तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथात सांगितलं आहे. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस झाली की हाताखाली मदतनीस, पन्नासला दोन शिक्षक असा हिशेबही दिला आहे. मध्ययुगीन जर्मनीत मुलाला शवुओतच्या सणाला पहिल्यांदा गुरुजींकडे नेत, पाटीवरच्या हिब्रू अक्षरांना मध लावत आणि मूल तो चाटून घेई. मूल म्हणजे अर्थातच मुलगा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सुधारणेचं वारं सुटलं, ते शाळेतूनच. झेसेन या गावात १८०१ मध्ये सुधारकांनी शाळा काढली आणि १८१० मध्ये त्याच आवारात प्रार्थनामंदिर उभं राहिलं. म्हणजे शाळा आधी, मंदिर नंतर. पण या मंडळींची नजर होती मोठ्या मुलांवर. धर्म समजून उमजून स्वीकारायचा, नुसता घोकायचा नाही, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांकडून कन्फर्मेशनचा, म्हणजे धर्म समजून स्वीकारल्याचं सर्वांसमोर जाहीर करण्याचा विधी उचलला, प्रश्नोत्तरांची पुस्तकं छापली आणि वयात येणाऱ्या मुलामुलींची सर्वांसमक्ष परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये १८१७ मध्ये मुलींचंही कन्फर्मेशन झालं. त्या काळात हे मोठंच धाडस. मात्र जे समजून घ्यायचं ते चार वर्षांच्या पोराला कसं समजणार? त्यामुळे धाकटी मुलं या सगळ्यातून गळली. जुन्या पद्धतीत निदान पाटीवर मध तरी होता.

याच जर्मनीत १८४० मध्ये बालोद्यानाला त्याचं ‘किंडरगार्टन’ हे आजचं नाव मिळालं. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. हॅम्बुर्ग आणि बर्लिनमध्ये या चळवळीला हात देणाऱ्यांत ज्यू स्त्रिया होत्या. पुढे १८७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी फुकट बालोद्यान काढलं, ते शहरातल्या सर्वांत नामांकित रिफॉर्म सिनेगॉगच्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मुलाने. पण त्याने तोवर वडिलांचा धर्म बाजूला ठेवला होता. बालोद्यान ज्यूंनी उचललं, धर्म मात्र त्याच्या फाटकाबाहेरच राहिला.

अमेरिकेत धर्मशिक्षणाला जे वळण लागलं ते १८३८ मध्ये फिलाडेल्फियात. तिथल्या एका अविवाहित, सुखवस्तू बाईंनी ज्यू मुलांसाठी रविवारची शाळा काढली. मुलगे-मुली एकत्र, शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रिया, फी नाही. ही शाळा रिफॉर्म नव्हती; पण तिचा साचा रिफॉर्म सिनेगॉगांनी जसाच्या तसा घेतला आणि पुढे तो त्यांचाच म्हणून ओळखला जाऊ लागला. मिशनरी ज्यू मुलांना गोळा करतात, ही भीती शाळेमागच्या कारणांपैकी एक. गंमत अशी की सुरुवातीला पुस्तकंही ख्रिस्ती रविवार-शाळेचीच होती आणि नको त्या उत्तरांवर कागद चिकटवलेले असत. त्या कागदाखाली काय असेल, हे मुलांनी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

हाच खेळ आपल्याकडेही चालला होता. मुंबईत एका स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. मिशनच्या शाळांत ही मुलं हिब्रू शिकली, पण बाप्तिस्मा घेणारं क्वचितच कुणी निघालं. १८४६ मध्ये मुंबईतच पेसाहच्या सणाला वाचायची हग्गादा ही पोथी मराठीसह निघाली आणि १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा सुरू झाली. परक्याच्या पुस्तकातून आपला धर्म शिकायचा आणि मग आपली शाळा काढायची, हा क्रम फिलाडेल्फियात आणि मुंबईत सारखाच. रिफॉर्मच्या जवळचा प्रवाह मुंबईत आला १९२५ मध्ये. लंडनला शिकून आलेल्या एका बेने इस्राएल डॉक्टर बाईंच्या पुढाकाराने तो आला आणि भायखळ्याच्या परिसरात त्याचं सिनेगॉग झालं.

अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्गला आपली भूमिका मांडली. आहाराचे, पोशाखाचे नियम बाजूला सारले गेले, नैतिक शिकवण पुढे आली. त्या पिढीच्या रविवार-शाळेत हिब्रू नावापुरतं आणि सणवारही बेतानेच. १९२३ मध्ये पूर्व युरोपात जन्मलेला एक शिक्षणतज्ज्ञ सिनेगॉगांच्या मध्यवर्ती संघटनेच्या शिक्षण विभागावर आला आणि चित्र हळूहळू बदललं. गाणी, हस्तकला, सण, हिब्रू शब्द, पॅलेस्टाइनमधल्या वसाहतींची चित्रं हे सगळं पाठ्यपुस्तकांत शिरलं. १९३७ मध्ये रिफॉर्म रब्बींनी कोलंबस शहरात काढलेल्या जाहीरनाम्यात विधी आणि हिब्रू यांना पुन्हा जागा मिळाली. लहान मुलांसाठी हा बदल निर्णायक ठरला, कारण चार वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान देता येत नाही, पण सुक्काच्या मांडवाला लावायला रंगीत कागदाची साखळी देता येते. शाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी सिम्हात तोरा या सणाच्या सुमारास ‘कॉन्सिक्रेशन’ हा विधीही रिफॉर्म मंडळींनीच रुळवला. मोठी तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, चार कोपऱ्यांना धरून उचलतात, खाली मुलं दाटीवाटीने उभी राहतात, ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणतात आणि प्रत्येकाच्या हातात वीतभर लांबीची छापील तोरा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी पडते. एखादं मूल तिची दुर्बीण करून बघतंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यू कुटुंबं शहरातून उपनगरांत गेली, मुलांची संख्या वाढली आणि नव्या सिनेगॉगांच्या इमारतींत बालवर्गाच्या खोल्या आल्या. खालच्या खुर्च्या, छोटे नळ. तरुण कुटुंब सिनेगॉगचं सभासद व्हायचं ते मुलापायी. व्यवस्थापन मंडळांना हे पक्कं ठाऊक होतं आणि ते त्याच हिशेबाने अंदाजपत्रक मांडत.

आता मूळ मुद्द्याकडे. पारंपरिक धर्मशास्त्रात आई ज्यू तर मूल ज्यू. बाप कुणी का असेना. आई ज्यू नसेल तर मुलाचं धर्मांतर करावं लागतं, विसर्जनकुंडातल्या स्नानासकट. मिश्र विवाह वाढू लागले तशी रिफॉर्म रब्बींची पंचाईत झाली. १९४७ मध्ये त्यांच्या परिषदेने तान्ह्या मुलापुरतं ठरवलं की त्याला ज्यू म्हणून वाढवू, एवढं आईबापांनी जाहीर केलं तरी ते धर्मांतर मानावं. १९६१च्या रब्बींच्या हस्तपुस्तिकेने पुढचं पाऊल टाकलं : असं मूल ज्यू शाळेत जात असेल आणि कन्फर्मेशनपर्यंतचा अभ्यासक्रम पार पाडत असेल, तर वेगळ्या धर्मांतराची गरज नाही. म्हणजे शाळेत जाणं हाच पुरावा. माझ्या मते या सबंध इतिहासातलं हे सर्वांत धीट वाक्य, आणि ते ठराव म्हणून गाजावाजा न होता एका हस्तपुस्तिकेत येऊन बसलं.

याच परिषदेचा मार्च १९८३चा ठराव गाजला तो यामुळे की त्याने ही गोष्ट उघड मांडली. आई किंवा बाप, दोघांपैकी एक ज्यू असला की मुलाच्या ज्यू वंशाबद्दल अनुकूल गृहीत धरायचं. मात्र ते गृहीत पक्कं करायला योग्य आणि वेळच्या वेळी केलेल्या, सार्वजनिक आणि औपचारिक कृती हव्यात : देवाशी असलेल्या करारात प्रवेश, हिब्रू नाव, तोराचा अभ्यास, बार किंवा बात मित्झ्वा (मुलाचा किंवा मुलीचा तेराव्या वर्षाच्या सुमाराचा विधी), कन्फर्मेशन. बाहेर बातमी गेली ती ‘आता बापाकडूनही ज्यू’ एवढीच. पुढची अट कुणी फारशी वाचली नाही.

ती नीट वाचली तर ठराव एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने घट्ट आहे. बाप ज्यू असलेल्या मुलाला दार उघडलं, हे खरं. पण मिश्र विवाहातल्या ज्यू आईच्या मुलाला आजवर काहीच सिद्ध करावं लागत नव्हतं. शब्दशः घेतलं तर आता त्यालाही कृती दाखवायला हव्यात. आणि ‘वेळच्या वेळी’ म्हणजे कधी? बाळाचं नाव ठेवलं, मग तेराव्या वर्षापर्यंत काहीच केलं नाही, तर चालेल का? हे रब्बींवर सोडलं. प्रत्येक सिनेगॉग स्वायत्त असल्यामुळे प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. कॅनडातल्या बहुतेक रिफॉर्म रब्बींनी ठराव मानलाच नाही. ज्यूंमधल्या मध्यममार्गी कन्झर्वेटिव्ह आणि परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स पंथांनी तो साफ नाकारला. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या तिथल्या परतीच्या कायद्यात १९७० पासून ज्यू म्हणजे ज्यू आईचं मूल किंवा धर्मांतर केलेला, ही व्याख्या कायम आहे. टीकाकारांचा मुद्दा असा की यामुळे एका समाजात दोन याद्या झाल्या. समर्थक म्हणतात, याद्या आधीच दोन होत्या, आम्ही फक्त मुलांना बाहेर उभं करणं थांबवलं. बेने इस्राएलांना हा वाद परका वाटू नये. इस्रायलमधल्या मुख्य रब्बींनी साठच्या दशकात त्यांच्या लग्नांच्या वेळी आई-आजीची वंशावळ तपासायचं फर्मान काढलं होतं आणि १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरल्यावर ते मागे घ्यावं लागलं. चार पिढ्यांमागचा कागद मागायचा की आजचं वागणं पाहायचं, वाद तोच.

माझा कल समर्थकांकडे आहे, पण एक आक्षेप राहतोच. जन्माने मिळणारी गोष्ट शिक्षणाने मिळेल असं ठरवल्यावर सगळा भार वर्गावर येतो. वह्या, हजेरीपट यांतून मुलाचं ज्यूपण मोजलं जायला लागतं, आणि ज्या आईबापांनी मूल शाळेत घातलं नाही त्यांच्या मुलाचं काय, हे कुणी बोलत नाही.

१९९० च्या अमेरिकी ज्यूंच्या राष्ट्रीय पाहणीत नुकत्याच झालेल्या लग्नांपैकी ५२ टक्के मिश्र असल्याचा आकडा आला. मोजणीच्या पद्धतीवरून वाद झाला, पुढे तो आकडा ४३ टक्क्यांच्या आसपास खाली आणला गेला. पण धसका बसायचा तो बसला. काही घरांत मूल एका सकाळी चर्चच्या वर्गाला आणि दुसऱ्या दिवशी सिनेगॉगच्या वर्गाला जात होतं. मोठं झालं की निवडेल, असं पालक म्हणत. शिक्षिकांना अडचण व्हायची, कारण एका जागी जे शिकवलं ते दुसरीकडे खोडलं जाई. १९९५ मध्ये सिनेगॉगांच्या संघटनेने सल्ला दिला की दुसऱ्या धर्माचं औपचारिक शिक्षण घेत नसलेल्या मुलांनाच धार्मिक शाळेत घ्यावं. सल्लाच, सक्ती नाही. १९८३च्या तर्काशी तो जुळतो : वर्ग हा पुरावा असेल तर तोच पुरावा दोन ठिकाणी कसा चालेल? पण ज्या घरांना जवळ आणायचं म्हणून १९७८ पासून मोहीम चालू होती, त्यांनाच हे दार जड गेलं. घरातल्या ख्रिसमसच्या झाडाला हरकत नाही, रविवारच्या वर्गाला आहे, ही रेघ कागदावर स्पष्ट आणि घरात पुसट.

आणि हे सगळं धार्मिक शाळेला लागू होतं, बालवर्गाला नाही. सिनेगॉगच्या बालवर्गात ज्यू नसलेली मुलंही येतात, कारण तो परिसरातला चांगला बालवर्ग असतो. शुक्रवारी त्या दिवसाचे ‘इमा’ (आई) आणि ‘अब्बा’ (बाबा) निवडले जातात, मुलांनीच रंगवलेल्या फडक्याखाली हल्ला (शब्बाथ या साप्ताहिक पवित्र दिवसाचा पाव) ठेवलेली असते, छोट्या कपांत द्राक्षाचा रस, लाकडी किंवा बॅटरीच्या मेणबत्त्या. त्सदाकाच्या (दानाच्या) डब्यात नाणी पडतात, कुणीतरी गिटार घेऊन येतं. घरी गेल्यावर मूल आईला विचारतं, आपल्याकडे मेणबत्त्या का नाहीत? आई बॅप्टिस्ट, बाप नावापुरता ज्यू. पुष्कळ घरांत शुक्रवारची मेणबत्ती लागली ती अशी. पण १९८३च्या यादीत बालवर्गाचा उल्लेखच नाही.

न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्णवेळ वर्गांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा गुंता आणखी वाढला. सिनेगॉगला सरकारी पैसा घेता येईल, पण त्या तासांत प्रार्थना आणि धर्मोपदेश चालणार नाही. संस्कृती म्हणून सणांची ओळख करून द्यायला हरकत नाही. हल्ला दाखवली तर संस्कृती, तिच्यावर आशीर्वचन म्हटलं की धर्म. काहींनी आशीर्वचन सरकारी तास संपल्यावर ठेवायचा मार्ग काढला. वर्षाची फी परवडत नाही म्हणून मुलांना वर्गातून काढून घेणाऱ्या कुटुंबांना थांबवायला सिनेगॉगांपुढे फार पर्याय नव्हते.

२०२० च्या एका मोठ्या पाहणीनुसार अमेरिकेतले ३७ टक्के ज्यू स्वतःला रिफॉर्म म्हणवतात आणि २०१० नंतर लग्न झालेल्या सर्व पंथांच्या ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नाहीत. २०२४ मध्ये रब्बी घडवणाऱ्या रिफॉर्म संस्थेने बिगरज्यू जोडीदार असलेल्या विद्यार्थ्यांवरची बंदीही उठवली. म्हणजे बालवर्गातल्या मुलांसारखंच घर आता रब्बींचंही असू शकतं. तरीही वीस-पंचवीस वर्षांनी बापाकडून ज्यू असलेल्या मुलीला कन्झर्वेटिव्ह सिनेगॉगमध्ये लग्न लावायचं असेल, तर शाळेचा कुठलाच दाखला तिथे उपयोगी पडत नाही. तिला धर्मांतर करावंच लागतं. हे माहीत असल्याने काही रिफॉर्म रब्बी आजही मिश्र घरातल्या आईबापांना बाजूला घेऊन सांगतात की बाळाला एकदा विसर्जनकुंडात नेऊन आणा आणि त्याचा कागद जपून ठेवा.