नलकूपापासून प्रयोगशाळेपर्यंत : पाण्यातील आर्सेनिकचे मोजमाप

तळ्यांच्या जंतुदूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून बंगालच्या त्रिभुज प्रदेशात लक्षावधी नलकूप (कूपनलिका) खोदले गेले आणि त्यांतल्याच अनेकांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. पश्चिम बंगालमध्ये हे १९८३ च्या सुमारास उघडकीस आले, तर बांगलादेशात १९९३ मध्ये. या विषाला रंग, वास, चव काहीच नसल्याने ते मोजल्याशिवाय कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक चालते. बांगलादेशात ही मर्यादा ५० आहे. लिटरभर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक अब्ज मायक्रोग्रॅम असते, त्यातले हे दहा शोधायचे असतात.

खरी कसोटी नमुना घेतानाच लागते. तिथल्या भूजलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि लोह विरघळलेले असते. उपसलेल्या पाण्याला हवा लागली की लोहाचा तांबूस साका तयार होतो, आर्सेनिक त्याला चिकटून तळाशी बसते आणि वरचे निवळ पाणी तपासणाऱ्याला विहीर निर्धोक वाटते. म्हणून नमुना घेताच त्यात अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घालून त्याचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) २ च्या खाली आणतात. आता या आम्लातूनच किंवा बाटलीतून आर्सेनिक आले नाही कशावरून? ते पडताळण्यासाठी शुद्ध पाण्यात तेच आम्ल घातलेला कोरा नमुनाही सोबत नेऊन तपासावा लागतो. या नोंदी नसलेल्या अहवालातील आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

प्रयोगशाळेतील आयसीपी-एमएस यंत्रात हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) नमुन्यातील अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि ते वस्तुमानानुसार वेगळे करून मोजले जातात. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. पण आर्गॉनचे ४० आणि क्लोरीनचे ३५ जुळून बनणारा आयनही ७५ चाच! त्यामुळे मिठातले क्लोरीन असलेल्या खारट पाण्यात नसलेले आर्सेनिक दिसू शकते. उपाय म्हणून आयनांच्या वाटेत हेलियम वायू सोडतात. आकाराने मोठा असलेला जोडआयन त्याच्यावर अधिक वेळा आदळून ऊर्जा गमावतो आणि मागे अडवला जातो.

गावोगावी मात्र साधा संच वापरतात. जस्त आणि आम्लामुळे आर्सेनिकचा आर्साइन हा विषारी वायू बनतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडचा कागद पिवळा ते तपकिरी होतो. बांगलादेशात अशाच तपासणीवरून नलकूपांना लाल किंवा हिरवा रंग दिला गेला. मर्यादेच्या आसपासची छटा डोळ्यांनी ओळखणे कठीण असते, म्हणून निदान त्या नलकूपांचे पाणी तरी प्रयोगशाळेत पुन्हा तपासायलाच हवे.